पेव्हर ब्लॉकखाली गेलेले खो-खोचे मैदान : एका महापालिका शाळेचे प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या लोकलमार्गावरच्या एका उपनगरातली ही महापालिकेची मराठी माध्यमाची शाळा. वर्ग पाचवी ते दहावी, सत्रे दोन, आणि दोन्ही सत्रांना मिळून एकच पटांगण. ओळख पटू नये म्हणून ठिकाण सांगितलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत. कामाची मापे आणि चुकांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण अशाच कामात हात घालणाऱ्या दुसऱ्या शाळेला उपयोग त्याचाच होईल.

या शाळेत मुलींचा खो-खो जुना. चौदा आणि सतरा वर्षांखालचे असे दोन संघ, सरावाला पंचवीसेक मुली. दुपारचे सत्र सुटले की सव्वा तास सराव चाले. पटांगण मुरमाचे होते. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, पण पडले तर लागत नसे. त्याच पटांगणावर रोजचा परिपाठ, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचे ध्वजवंदन, लेझीम, स्नेहसंमेलनाचा मांडव आणि निवडणूक आली की मतदान केंद्राच्या रांगा.

मग सुशोभीकरणाच्या निधीतून पटांगणाला पेव्हर ब्लॉक बसले. चिखल कायमचा गेला, फोटो छान आले, पालकांनीही कौतुक केले. आराखडा शाळेत आला तेव्हा त्यावर मुख्याध्यापकांची सही झाली, पण क्रीडाशिक्षिकेला तो कोणी दाखवला नाही. त्यामागे कुणाचा वाईट हेतू नव्हता. पटांगण ही बांधकामाची बाब आणि खेळ ही तासिकेची, अशी कप्पेबंद समजूत बहुतेक शाळांत असते. प्रत्यक्षात शाळेत कोणता खेळ टिकेल हे वेळापत्रकाच्या आधी पायाखालचा पृष्ठभाग ठरवतो.

अडचण नेमकी काय होती

खो-खोचे प्रमाण मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, एकमेकांपासून २४ मीटरवर, जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर उंच. मधल्या पाटीवर आठ चौकोन, त्यांत आठ जणी एकीआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेल्या आणि नववी पाठलागावर. हा खेळ निम्मा जमिनीला भिडून खेळला जातो. खांबाला एका हाताने धरून, अंग आडवे टाकून धावणारीला गाठायचे म्हणजे पोल डाइव्ह. हवेत झेपावून मारलेला तो आकाशी सूर. दोन्हींत शेवटी छाती, कोपर आणि मांडी जमिनीवर येतात.

पेव्हरवर हे बंद झाले. पहिल्या काही आठवड्यांत गुडघे आणि कोपरे सोलली, मग मुलींनी आपणहून सूर मारायचे सोडले. त्यांना तसे कुणी सांगितले नव्हते, शरीरच राखून खेळू लागले. पाठलाग करणारी उभ्यानेच हात पुढे करी आणि धावणारी वीतभर अंतराने निसटे. पकडी कमी झाल्या की आक्रमणाचा डाव रटाळ होतो, आणि बसलेल्या आठ जणींचे लक्ष उडते.

याशिवाय दोन गोष्टी बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाहीत. पहिली उठण्याची. चौकोनात उकिडवी बसलेली मुलगी खो मिळताच पायाच्या बोटांनी जमीन पकडून उसळते. मातीत बोटे किंचित रुततात. काँक्रीटवर ती घसरतात किंवा सोलवटतात, आणि दुपारचे ऊन खाल्लेल्या ब्लॉकवर अनवाणी बसवतच नाही. बूट घातले तर उठायला क्षणभर जास्त लागतो. खो-खोत तेवढ्यात धावणारी दोन चौकोन पुढे गेलेली असते.

दुसरी गोष्ट खांबांची. पेव्हर उखडायची परवानगी नव्हती, म्हणून खांब पत्र्याच्या डब्यांत काँक्रीट भरून उभे केले. मुळाशी गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा, धारदार कडेचा डबा. खांबाला वळसा घालणाऱ्या मुलीची नडगी नेमकी त्या कडेवर आपटे. वर खांब हलू नये म्हणून डब्याला विटांचा टेकू दिलेला.

वर्षअखेरीला सतरा वर्षांखालच्या संघाला पूर्ण बारा मुली मिळेनात. नववीतल्या एका मुलीची आई शाळेत येऊन म्हणाली, "बाई, खेळू नको असं नाही म्हणत मी. पण रोज रक्त पुसत बसायचं का?" याला शाळेकडे उत्तर नव्हते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मुख्याध्यापकांनी सुचवला: खो-खो थांबवावा, कॅरम आणि बुद्धिबळ वाढवावे. हे टाळाटाळीतून आलेले नव्हते. अपघात झाला तर जबाबदारी त्यांचीच होती. पण पंचवीस मुलींना धावायला मिळणारी शाळेतली ही एकच वेळ होती. बुद्धिबळाच्या पटावर ती भरून निघाली नसती.

दुसरा, महापालिकेच्या मोठ्या मैदानावर सराव. अंतर सव्वा किलोमीटर, मध्ये वाहता रस्ता, आणि मैदानावर संध्याकाळी क्रिकेटच्या तीन शिकवण्या. दुपारचे सत्र सुटून तिथे पोहोचेपर्यंत सहा वाजायला येत. नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईच्या बाजूला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आठ दिवस करून पाहिले. नवव्या दिवशी निम्म्या मुली आल्या नाहीत.

तिसरा, मॅट. हा पर्याय सर्वांना आवडला होता. वरच्या पातळीवर खो-खो आता बहुतेक मॅटवरच होतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला तोही मॅटवर, आणि भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ तिथे जिंकले. त्यामुळे "मॅटची सवय हवीच" हा युक्तिवाद बिनतोड वाटे. पण हिशेब मांडल्यावर चित्र बदलले. एक मीटर बाय एक मीटरचे, दातऱ्यांनी जोडायचे तुकडे घेतले तर नुसत्या मैदानाला ४३२ लागतात. पुरुषांच्या कबड्डीला १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० पुरतात. कबड्डीला जमते ते खो-खोला जमेलच असे नाही, ते इथे दिसते. सव्वा तासाच्या सरावात ४३२ तुकडे मांडायचे, उचलायचे, पुसायचे आणि कुलपात ठेवायचे म्हणजे खेळायला अर्धा तासही उरत नाही. कायम अंथरून ठेवले तर परिपाठ कुठे घ्यायचा आणि पावसात त्यांचे काय करायचे? शिवाय ब्लॉक खालीवर झालेल्या जागी दातऱ्या सुटतात आणि त्या फटीत पायाचा अंगठा अडकतो.

पैशांचेही तसेच. समग्र शिक्षा योजनेतून माध्यमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला जास्तीत जास्त २५,००० रुपये मिळतात. त्यातच सगळ्या खेळांचे चेंडू, जाळ्या, दोऱ्या बसवायच्या असतात.

कृत्रिम हिरवळीचाही विषय कोणीतरी काढला. ती सूर मारणाऱ्याची कातडी पेव्हरपेक्षा थोड्याच फरकाने कमी सोलते, म्हणून तो तिथेच संपला.

उरला चौथा पर्याय: ब्लॉक काढून पुन्हा माती.

पहिला अर्ज का परत आला

पहिल्या अर्जात एकच मागणी होती: "मैदान पूर्ववत मातीचे करून मिळावे." तो बांधकाम विभागातून शेरा मारून परत आला. अभियंत्याची हरकत तांत्रिक होती आणि रास्तही. पेव्हरचे काम दोषदायित्व कालावधीत होते. कार्यालयात सगळे याला डीएलपीच म्हणतात. या काळात ब्लॉक खचले, फुटले तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात. शाळेने मध्येच ब्लॉक उखडले की ठेकेदाराला हात झटकायला कारण मिळते: "आमचं काम चांगलं होतं, शाळेनं हलवलं." लेखापरीक्षणात प्रश्न येईल तो वेगळाच: नुकताच खर्च करून केलेले काम का उखडले?

या वळणावर शाळेने दोन निर्णय घेतले आणि प्रकरण पुढे सरकले ते त्यामुळेच.

एक, अख्खे पटांगण मागायचे नाही, अर्धे मागायचे. एका खांबाभोवती, मैदानाच्या मध्यापर्यंत १५ मीटर बाय १९ मीटर, म्हणजे २८५ चौरस मीटर. यात खांबामागचे दीड मीटरचे मुक्त क्षेत्र, त्यामागे आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरची मोकळी जागा आणि बारा मीटरची मधली पाटी येते. पोल डाइव्ह, सूर, चार चौकोनांतले खो, तीन-तीनच्या तुकडीचे संरक्षण, सगळे यात शिकवता येते. परिपाठाला उरलेला पेव्हर पुरतो.

दोन, काम पूर्ववत करता येण्याजोगे आहे हे कागदावर दाखवायचे. ब्लॉक फोडायचे नाहीत, मोजून रचून ठेवायचे, जडवस्तू नोंदवहीत चढवायचे. दुसऱ्या अर्जाला हाताने काढलेला नकाशा, क्षेत्रफळ, ब्लॉकची अंदाजे संख्या, साठवणुकीची जागा आणि शाळा व्यवस्थापन व विकास समितीचा ठराव जोडला. एवढा भाग डीएलपीतून वगळावा, बाकीच्यावर ठेकेदाराची जबाबदारी कायम राहावी, असे त्यात लिहिले आणि संयुक्त पाहणी मागितली.

पाहणीला अभियंता आले तेव्हा प्रथमोपचाराच्या नोंदी आणि सोललेल्या गुडघ्यांचे फोटो मांडून ठेवले होते. त्यांनी ते वरवर चाळले. मग नजर डब्यातल्या खांबाकडे गेली. डब्याच्या कडेवरून बोट फिरवून त्यांनी विचारले, "हे असं उभं करून मुलं खेळतात?" परवानगी मिळाली ती बहुधा त्याच क्षणी. पुढच्या कामासाठी घेण्यासारखे आहे: तांत्रिक माणसाला परिणाम दाखवण्यापेक्षा धोक्याची वस्तू दाखवावी.

अट एक घातली. उघड्या कडेचे ब्लॉक सुटून पसरू नयेत म्हणून मातीच्या भागाभोवती काँक्रीटची कर्ब, म्हणजे बुटकी कड, बांधायची. अट बरोबर होती. पेव्हरला कडेला आधार नसला की बाहेरची रांग सरकते आणि मागोमाग आतल्या फटी उघडतात. पण हीच कर्ब पुढे नडली.

काम कसे झाले

काम मे महिन्यात, सुटीत. महापालिकेच्या मजुरांनी ब्लॉक काढले. ८० मिलिमीटर जाडीचे नागमोडी ब्लॉक, चौरस मीटरला साधारण ३८, म्हणजे दहा हजार आठशेच्या आसपास. वजनाचा विचार कोणी केला नव्हता. एक ब्लॉक पावणेपाच किलोच्या घरात, म्हणजे सगळा ढीग पन्नास टनांपेक्षा जड. छातीपेक्षा उंच रचायचा नाही म्हटले तर त्याला अर्ध्या वर्गखोलीएवढी जागा लागते. अखेर तो स्वच्छतागृहाच्या मागे लागला.

ब्लॉकखाली पाच सेंटिमीटर बारीक कच होती. ती काढायची की ठेवायची? "निचऱ्याला बरी," म्हणून ठेवली. खाली काय आहे हे कोणी पाहिले नाही.

माती आणण्यात दोनदा ठेच लागली. जवळच्या इमारतीच्या पायाची माती फुकट मिळत होती. पहिला डंपर ओतला तर त्यात टाइल्सचे तुकडे, सळईचे टोक आणि काच. तो परत पाठवला. दुसऱ्या पुरवठादाराकडे माती चांगली होती, पण वाहतूक पास नव्हता. माती आणि मुरूम गौण खनिजांत मोडतात, स्वामित्वधनाच्या, म्हणजे रॉयल्टीच्या, पावतीशिवाय शाळेच्या दारात उतरवून घेतले तर शाळाच अडचणीत येते. पावतीची प्रत घेतल्याशिवाय गाडी आत सोडायची नाही, हे मुख्याध्यापकांनी धरून ठेवले आणि त्यात चार दिवस गेले. मातीचे पैसे माजी विद्यार्थ्यांनी दिले. क्रीडा अनुदान साहित्यासाठी असते, ते भरावाला वापरायचे नाही, हे आधीच ठरले होते.

प्रमाण ठेवले ते दोन भाग चाळलेला बारीक मुरूम आणि एक भाग लाल माती. मातीचा चिकटपणा जास्त झाला तर पावसात निसरडे होते आणि उन्हात भेगा पडतात. मुरूम जास्त झाला तर वरचा थर सुटा राहतो आणि वळताना पाय सरकतो. चाळणीची छिद्रे पाच मिलिमीटरची. त्यावर राहिलेला प्रत्येक खडा म्हणजे कुणाच्या तरी कोपराची जखम. मिश्रण बरोबर आहे का हे पाहायची साधी रीत अशी: ओलसर मिश्रणाची मूठ दाबून लाडू करायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. पाच-सहा तुकडे झाले तर ठीक. पसरून सपाट झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर माती कमी.

भराव कडेला आठ आणि मधल्या पाटीवर चौदा सेंटिमीटर, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना उतरावे. सरासरी अकरा धरली तर २८५ चौरस मीटरला दाबून बसलेली सुमारे ३१ घनमीटर माती लागते. ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापात, अकरा. सुटी माती दाबल्यावर बसते, म्हणून चौदा ब्रास मागवली. दोन थरांत पसरली. प्रत्येक थरावर संध्याकाळी पाणी मारायचे, रात्रभर मुरू द्यायचे आणि सकाळी, माती रोलरला चिकटेनाशी झाली की, हातरोलर फिरवायचा. ओल्यावर घाईने फिरवलेला रोलर वरची साल उचलून नेतो. एकदा तसे झालेही.

खांबासाठी खड्ड्यात लोखंडी नळी पुरली आणि तिला झाकण केले. सराव संपला की खांब उपसून भांडारात ठेवायचा. तो खड्डा खणणाऱ्याला थोड्याच खोलीवर काँक्रीट लागले. "जुना पाया असेल," म्हणत त्याने छिन्नी-हातोड्याने फोडून खड्डा केला. क्रीडाशिक्षिका तिथेच उभ्या होत्या.

रेषांसाठी आधी चुना आणला होता, तो वापरला नाही. सोललेल्या कातडीवर किंवा डोळ्यांत चुना गेला तर भाजतो, आणि खो-खोत चेहरा रेषेजवळ येतोच. पांढऱ्या रांगोळीची फक्की मारली. दिसते तेवढीच, आणि चुन्याची भीती राहत नाही.

जुलै

जूनच्या मध्याला शाळा उघडली. पहिल्या सरींत मैदान छान वागले. जुलैत झड लागली आणि माती खालून भिजत गेली. पाऊस दोन दिवस थांबला तरी वर पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुते. वरून कोरडे दिसणारे पापुद्रे आणि खाली खिरीसारखा चिखल. मधली चढण होती, उतारही होता, तरी पाणी जात नव्हते.

शिपायाने पहार मारून पाहिली. माती आणि कच यांच्याखाली खण्ण आवाज आला. पूर्ण पटांगणाखाली दहा सेंटिमीटरचे साध्या काँक्रीटचे, म्हणजे पीसीसीचे, थर होते. पेव्हर असताना पाणी वरून उताराने गटारात जाई, खालच्या काँक्रीटचा त्रास कधी झाला नाही. आता पाणी मातीतून झिरपून कचेत येत होते, खाली काँक्रीट अडवत होते आणि चारही बाजूंनी अटीप्रमाणे बांधलेली पक्की कर्ब. थोडक्यात, शाळेने पटांगणात एक उथळ हौद बांधला होता आणि त्यात चौदा ब्रास माती भिजत घातली होती.

इथे पुन्हा निवड करायची होती. काहींचे मत होते की सगळी माती काढून पीसीसी फोडावे. त्यात माती वाया गेली असती, आणि काँक्रीट फोडणे हे "पूर्ववत करता येण्याजोगे" या शब्दांत बसत नव्हते. आधी उतार मोजायचा ठरला. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची पातळी पाहिली. काँक्रीटला गेटच्या दिशेने मीटरला साधारण एक सेंटिमीटर उतार होता. म्हणजे पाण्याला जायची दिशा होती, फक्त दार नव्हते.

म्हणून गेटच्या बाजूच्या कर्बला, काँक्रीटच्या पातळीवर, दर दोन मीटरला एक अशी भोके पाडून ७५ मिलिमीटरचे पाइप बसवले आणि ते गटाराकडे काढले. त्या कर्बलगत आतून हातभर रुंदीचा चर खणून खडी भरली. खडीवर आणि पाइपांच्या तोंडांशी सिंथेटिक कापड अंथरले, नाहीतर बारीक माती वाहून जाऊन पाइप महिन्यात तुंबले असते. काम दोन दिवसांचे. पहिल्या रात्री पाइपांतून लालसर पाणी वाहत राहिले. त्यानंतर मोठी सर ओसरली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माती पायाखाली धरू लागली.

सरावाचे मात्र पाच आठवडे बुडाले. त्या काळात व्हरांड्यात उकिडव्याने उठणे, खो देण्याची वेळ साधणे आणि दिशा न बदलता वळणे एवढेच झाले.

परिणाम

सप्टेंबरात महापालिका पातळीवरच्या शालेय स्पर्धेत धाकटा संघ दोन सामने जिंकला आणि तिसऱ्यात हरला. थोरल्या संघात अजूनही मुली कमी होत्या, तो पहिल्याच फेरीत बाहेर पडला. पेव्हरच्या वर्षी गेलेल्या नववी-दहावीच्या मुली माती आली म्हणून परतल्या नाहीत. तोपर्यंत त्यांच्या शिकवण्यांच्या वेळा ठरून गेल्या होत्या.

हरलेल्या सामन्यांत अर्ध्या मैदानाचा दोष उघडा पडला. मुली खांबाजवळ धीट होत्या, सूर पुन्हा मारू लागल्या होत्या. पण आठही चौकोनांतून जाणारी लांब साखळी त्यांना सांभाळता येत नव्हती. दूरच्या खांबापर्यंतच्या अंतराचा अंदाज चुकत होता आणि धावण्याचा दमही अर्ध्याच मैदानाला पुरेल एवढा तयार झालेला. यावर तोडगा असा निघाला: पेव्हरच्या बाजूलाही, एक ब्लॉक काढून, दुसऱ्या खांबाची नळी बसवली आणि रविवारी पूर्ण मैदान आखायला सुरुवात केली. नियम एकच, पेव्हरच्या बाजूला सूर नाही. सूर मारला तर पकड बाद. मुली हा नियम आपसांत फार कडकपणे पाळतात.

कोरड्या महिन्यांत धूळ आली. तळमजल्यावरच्या वर्गांच्या खिडक्या मैदानाकडे होत्या आणि तिथल्या शिक्षकांची तक्रार योग्यच होती. आठवड्यातून तीनदा पाणी मारायचे ठरले. चौरस मीटरला दोन लिटर धरले तरी एका वेळी पावणेसहाशे लिटर होतात. ते आणायचे कुठून? पोषण आहारानंतर मुले ताटे धुतात ते पाणी पिंपात साठवून मारून पाहिले. पाण्याबरोबर भाताची शिते आली, शितांमागे कावळे आले आणि परिपाठाला प्रार्थनेपेक्षा कावकाव जास्त ऐकू आली. प्रयोग तीन दिवस चालला. आता फक्त हात धुण्याच्या नळांचे पाणी वेगळ्या पाइपने साठवतात.

स्नेहसंमेलनाच्या मांडववाल्याने मऊ जमीन पाहून बांबूंसाठी हातभर खोल खड्डे मातीच्याच भागात घेतले आणि मांडव सुटल्यावर ते वरवर लोटले. दोन दिवसांनी एका मुलीचा पाय त्यात मुरगळला. आता मांडवाच्या पत्रातच लिहिलेले असते की बांबू पेव्हरच्या बाजूला, वाळूच्या डब्यांत उभे करायचे.

आणि शिपायांचे काम वाढले. चिखलाचे पाय वर्गात येतात, जिने दोनदा पुसावे लागतात. हे कोणत्याच बैठकीत आले नव्हते. त्यांना आधी विचारले असते तर पाय धुण्याची टाकी आणि दगडी पायपुसणे मातीच्या कडेलाच, पहिल्याच खर्चात झाले असते. ते पुढच्या वर्षी झाले.

वेगळे काय करता आले असते

सर्वात स्वस्त दुरुस्ती सगळ्यांत आधीची होती. ब्लॉक बसवण्यापूर्वी आराखड्यावर क्रीडाशिक्षिकेची सही घेतली असती तर ३० मीटर बाय १९ मीटरचा तुकडा मातीचाच राखता आला असता, आणि पूर्ण मैदान मिळाले असते. सुशोभीकरणाचा कुठलाही आराखडा आला की त्यावर "खेळ : कोणता, किती मुले, कोणता पृष्ठभाग" ही एक ओळ भरून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरे, भराव टाकण्याआधी कोपऱ्यात फूटभर लांब-रुंद चाचणी खड्डा. कच बाजूला केली असती की पीसीसी दिसलेच असते, आणि कर्ब बांधतानाच पाइप टाकता आले असते. खांबाच्या खड्ड्यात काँक्रीट लागले होते, म्हणजे खूण मिळालीही होती. खड्डा खणणाऱ्याने आपल्यापुरता प्रश्न सोडवला आणि बाकीच्यांनी तो खड्ड्यापुरताच समजला.

तिसरे, मातीचे काम मेमध्ये करून जूनमध्ये पावसाच्या हवाली करणे ही सुटीच्या वेळापत्रकाने केलेली निवड होती, मातीला मानवणारी नव्हती. दिवाळीच्या सुटीत केले असते तर माती बसायला सहा-सात कोरडे महिने मिळाले असते. सप्टेंबरची स्पर्धा त्यात चुकली असती खरी, पण ती तशीही अर्ध्या तयारीने झाली.

अर्धेच मैदान मागितले हे मात्र चुकले असे म्हणता येत नाही. पूर्ण मागितले असते तर अर्ज दुसऱ्यांदाही परत आला असता.

सध्या वाद आहे तो स्वच्छतागृहामागच्या ढिगाचा. प्रभाग कार्यालयाने जवळच्या गल्लीसाठी ते ब्लॉक मागितले आहेत. क्रीडाशिक्षिकेला ते आजच जावेत असे वाटते. ब्लॉकच नसले तर उद्या कोणी मैदान परत झाकणार नाही. मुख्याध्यापक अडून आहेत. परवानगी "पूर्ववत करता येईल" या शब्दांवर मिळालेली आहे आणि ढीग नोंदवहीत त्यांच्या सहीने आहे. डीएलपी संपायला अजून काही महिने आहेत, तोवर उत्तर द्यायचे नाही एवढेच ठरले आहे. दरम्यान मुख्याध्यापकांनी ढीग एकदा मोजून घेतला. नोंदीपेक्षा दोनशे चौदा ब्लॉक कमी भरले. त्यांतले काही समोरच्या चहाच्या टपरीखाली दिसतात.